घोड्याचा जीर्णांक

मला एचआयव्ही आहे आणि माझं वय सहासष्ट आहे. या दोन गोष्टी एकाच माणसात एकत्र येतील असं सरकारला कधी वाटलंच नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. दोन हजार पाच साली एका डॉक्टरनं माझा रिपोर्ट दोन बोटांच्या चिमटीत धरून सांगितलं होतं, "दोन-तीन वर्षं धरून चला." बायको त्याच वर्षी गेली. मी घरातली जास्तीची भांडी वाटून टाकली, ट्रंपेट पुसून पेटीत ठेवलं आणि ओट्यावर मरणाची वाट बघत बसलो. मरण आलं नाही, गोळ्या आल्या. तो डॉक्टर पुढं साखरेनं गेला. त्याच्या पोराच्या लग्नात बँड माझा होता.

आता दोन हजार त्रेचाळीस चालू आहे. गोळ्या गेल्या, सहा महिन्यांतून एक सुई टोचली की भागतं. विषाणू रक्तात शोधून सापडत नाही. अशा माणसाकडून दुसऱ्याला लागण होत नाही, हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. सोसायटीतल्या शहाण्यांना अजून नाही, पण त्यांचं सोडा. सांगायचं म्हणजे, माझी मरायची तयारी पूर्ण होती. म्हातारा व्हायची अजिबात नव्हती.

मग ते कडं आलं.

सरकारी नाव 'वयोमित्र'. आमच्या विट्यात सगळे त्याला कडंच म्हणतात. मनगटावर घालायचं. आतल्या बाजूला केसाहून बारीक सुया असतात, त्या रोज रक्ताचा एक ठिपका घेतात आणि पुरुषाच्या हार्मोनचा हिशेब लावतात. दिवसभर तुम्ही किती वेगानं चालता ते बघतात. सकाळी एक रबरी गोळा मुठीत दाबायला लावतात. वजन घटलं का, थकवा वाटतो का, असं विचारतात. आणि या सगळ्याचा मिळून दहापैकी एक आकडा देतात. माणसाच्या अंगात जो राखीव साठा असतो, साधा ताप आला किंवा पाय घसरला तर ज्याच्या जोरावर माणूस परत उभा राहतो, तो साठा किती संपलाय, तो हा आकडा. आमच्यासारख्यांना हे कडं आधी दिलं. कारण आमचा साठा इतरांपेक्षा दहा वर्षं लवकर संपतो म्हणे.

त्या आकड्याला नाव काय दिलं? जीर्णांक.

पहिल्याच दिवशी माझ्या कड्यावर अक्षरं उमटली : 'जीर्णांक सात. आपण जीर्ण गटात आहात.' जीर्ण! धोतर जीर्ण होतं. देऊळ जीर्ण होतं, आणि देवळाचा निदान जीर्णोद्धार तरी करतात. मुंबईत थंड खोलीत बसून हा शब्द ज्यानं शोधून काढला, त्याच्या लग्नात मी बेसूर वाजवीन, फुकट वाजवीन!

एरवी मी दोन शिव्या घालून विषय सोडला असता. पण मधे मंदा आली होती.

पॉझिटिव्ह लोकांचे वधूवर मेळावे आमच्याकडं पूर्वीपासून होतात. आधी तिथं लोक एकमेकांच्या रक्तातल्या पेशींचे आकडे विचारायचे. आता सगळेच म्हातारे झालेत, त्यामुळं जीर्णांक विचारतात. सांगलीच्या मेळाव्यात माझ्यासमोर मंदाकिनी ऐवळे बसली. तासगावची. वय एकोणसाठ. सगळं आयुष्य बेदाण्याच्या गोदामात माल निवडण्यात गेलेलं. मी माझी सगळी मालमत्ता सांगितली : बँड, दोन खोल्या, नळाला पाणी. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"मास्तर, घोरता का?"

"ट्रंपेटवाला आहे. श्वास मोठा आहे."

"म्हणजे घोरता." आणि ती हसली. गोदामातल्या बाया हसतात तशी, मोकळी, आजूबाजूच्यांनी वळून बघावं अशी. अडतीस वर्षं मी एकटा होतो. त्या हसण्यावर मी भाळलो.

तिची मुलगी प्रज्ञा मात्र हसली नाही. ती विमा कंपनीत होती, त्यामुळं माणूस दिसला की तिला आधी त्याचा शेवट दिसायचा. ती म्हणाली, "काका, स्पष्ट बोलते. आईनं बाबांचं शेवटपर्यंत केलं. मग आजीचं केलं, आठ वर्षं अंथरुणातलं. आता तिनं नवरा करावा, पेशंट करू नये. जीर्णांक चारच्या वर असेल तर मेळाव्याच्या फॉर्मवर मी संमतीची सही करणार नाही."

राग यायला हवा होता, पण आला नाही. पोरगी बरोबर बोलत होती. मी खिशात हात घातला, कड्यासकट.

"किती आहे?" तिनं विचारलं.

"बघून सांगतो," मी म्हणालो.

*

सुटका केली ती पिराजीनं. पिराजी आमचा ढोलवाला. माझ्याच वयाचा, माझ्याच आजाराचा, आणि अक्कल ढोलाच्या आतल्याइतकी. निदान तोवर मला तसं वाटायचं. एका वरातीत नवरदेव पार्लरमधून बाहेर येईना. आम्ही रस्त्यात उभे. माझी कुरकुर ऐकून पिराजी वैतागला. त्यानं माझ्या हातातलं कडं ओढलं आणि वरातीच्या घोड्याच्या, बादलच्या, पुढच्या पायाला बांधलं.

"उत्त्या, हा बघ तुझा वकील. सहा वर्षांचा घोडा हाय. बघू ह्येला काय म्हनतंय."

कडं आपलं इमानदार. त्याला रक्त कळतं, धनी कळत नाही. वरात निघाली. बेंजो वाजला, पोरं नाचली, पन्नास पावलं गेलो की अर्धा तास मुक्काम. मंगल कार्यालयात पोचेपर्यंत उन्हं उतरली. मधेच कड्यानं विचारलं, 'थकवा जाणवतो का?' पिराजीनं बादलच्या वतीनं 'हो' दाबलं. म्हणाला, "रोज लोकांचं जावई पाठीवर घ्यायचं, आन् थकवा नसंल व्हय?"

शेवटी निकाल आला : 'हार्मोन अत्युत्तम. चाल धोकादायक. जीर्णांक सहा. काठी वापरावी. एकट्याने अंघोळ करणे टाळावे.'

आम्ही रस्त्यात बसून हसलो. पिराजी तर ढोलावर आडवा झाला. मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, मी चाळीस वर्षं वरातीच्या पुढं चालतोय! लग्नसराईत दिवसातले आठ तास माझी चाल म्हणजे मुंगीची चाल. ज्या कुणी हे यंत्र बनवलं, त्यांनी मोठ्या शहरातल्या बागेत पहाटे बूट घालून पळणारे साहेब लोक मोजले असणार. वरात त्यांनी फक्त गाडीच्या काचेआडून, हॉर्न वाजवत बघितली असणार. माझा धंदाच त्यांनी माझा आजार म्हणून लिहून टाकला!

दुसऱ्या दिवशी मी बादलचा जीर्णांक घेऊन दवाखान्यात गेलो. आमच्या डॉक्टर म्हणजे गार्गी टिळेकर, तिशीतली पोरगी. तिनं तो निकाल वाचला, तोंडावर हात धरला, तरी हसू बाहेर आलंच. मग तिनं मला लांबलचक व्हरांड्यात स्वतःच्या नेहमीच्या चालीनं चालायला लावलं आणि यंत्रात काहीतरी दुरुस्ती केली. आधीचे वरातीचे तास वगळले, आणि पुढं दर वरातीला ते बटण दाबून कसे वगळायचे ते मला शिकवलं.

कडं म्हणालं : 'जीर्णांक तीन.'

मी तिथल्या तिथं ट्रंपेट काढलं. नर्सबाई ओरडल्या म्हणून फुंकलं नाही.

"काका, बसा जरा," डॉक्टर म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "चालीचं तुमचं खरं होतं. आता हार्मोनचं माझं ऐका. तुमच्या बँडच्या पाटीवर किती वादक आहेत?"

"वीस."

"आज रात्री मला बँड हवाय. वीसच्या वीस येतील?"

"कसे येतील? सीझन आहे. चौदा-पंधरा जण दुसऱ्या सुपाऱ्यांना बांधलेले. मोकळे असतील ते येतील."

"हार्मोनचं तसंच आहे. रक्तात एक प्रथिन असतं, ते हार्मोनला धरून ठेवतं. बांधलेलं हार्मोन कामाला येत नाही. जे मोकळं असतं तेच स्नायूंपर्यंत पोचतं, हाडांपर्यंत पोचतं. एचआयव्ही असलेल्या पुरुषांमध्ये, विशेषतः वय झाल्यावर, हे धरून ठेवणारं प्रथिन बरेचदा वाढलेलं असतं. हे कडं जुनं मॉडेल आहे, ते पाटीवरचे वीस मोजतं. मोकळे किती ते त्याला कळत नाही."

"म्हणजे पाटी झकास आणि वाजवायला कोणी नाही?"

"असू शकतं. म्हणून वेगळी तपासणी करूया."

मी नको नको म्हणेपर्यंत तिनं रक्त घेतलंसुद्धा. चार दिवसांनी परत बोलावलं. मोकळं हार्मोन तळाला गेलेलं. ते धरून जीर्णांक सहा. आणि आता यात वरात नव्हती, घोडा नव्हता. हा माझा होता.

"हार्मोन कमी म्हणून माणूस झिजतो की झिजतो म्हणून हार्मोन कमी होतं, यावर अजून आमच्यात भांडणं आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "पण थांबायचं कारण नाही. वजनं उचलायचा व्यायाम, अंडी-डाळी पोटभर, आणि तपासण्या ठीक आल्या तर दंडाला लावायचं मलम, माझ्या देखरेखीखाली. यातनं माणसं सावरतात. आज सुरू करू?"

"सुरू केलं तर कड्यात दिसेल?"

"औषध सुरू झालं की नोंद होणारच."

"मग लग्नानंतर."

त्यांनी रिपोर्ट माझ्या हातात दिला. "आकडा तुमचा आहे, काका. मी कुणाला सांगणार नाही. पण तुम्ही पुढं ढकललंत म्हणून स्नायू वाट बघत बसत नाहीत."

मी कानामागं टाकलं. माझ्या मनगटावर तीन होते. ते तीन मी घोड्याच्या जिवावर कमावले होते आणि प्रज्ञानं त्यावर सही केली होती.

*

लग्नाच्या आधी मंदा घर बघायला आली. सोबत लोणच्याची काचेची बरणी, फिरवून लावायच्या झाकणाची. पिराजी खाटेवर बसलेला. मी भाकरी मागवल्या होत्या.

"उघडा की," मंदा म्हणाली.

मी झाकण धरलं आणि फिरवलं. झाकण जागचं हललं नाही. पंचा घेतला, परत फिरवलं. मनगटात कळ आली आणि बोटं आपोआप सुटली.

"हाताला तेल लागलंय," मी म्हणालो.

"कशाचं?"

"ट्रंपेटचं. ट्रंपेटला तेल देतात."

पिराजीनं बरणी घेतली, मांडीत धरली, डोळे बाहेर येईपर्यंत जोर केला. "आयला, वहिनी, लोनचं हाय का बाँब हाय?" त्यालाही जमलं नाही. मंदानं बरणी हातात घेतली. मला वाटलं, आता उघडते आणि आपली अब्रू जाते. पण तिनं ती नुसती फळीवर ठेवली.

"राहू दे. उघडेल तेव्हा उघडेल," म्हणाली आणि कोरडी भाकरी खाऊ लागली. माझ्या हाताकडं मात्र बघत होती. बेदाणा निवडताना बायका बघतात तशी.

*

आमच्या बँडमध्ये एक रीत आहे. मास्तरची स्वतःची वरात असली तरी पहिला सूर मास्तरनंच लावायचा. घोड्यावरून उतरायचं, मंडळींसमोर उभं राहायचं, सूर लावायचा, मग परत घोड्यावर. आणि दुसरी रीत त्याहून पक्की : मास्तर करेल ते सगळ्यांनी करायचं. मास्तर वळला की वळायचं, मास्तर वाकला की वाकायचं. का म्हणून विचारायचं नाही. या रीतीवर आमचा बँड उभा आहे.

तासगावात वरात मंगल कार्यालयासमोरूनच निघून गावाला फेरी घालणार होती. तिथं बादलवरून उतरलो. उतरताना पाय अडकला. रिकिबीतला पाय कुणीतरी सोडवला. ट्रंपेट ओठाला लावलं, पहिला सूर लांबवर नेला. श्वास पुरला, बरं का. फुफ्फुसं अजून माझी आहेत. सूर वर चढवत नेला आणि गुडघे गेले. खाली खेचल्यासारखा मी भर रस्त्यात मांडी घालून बसलो.

सूर मात्र सोडला नाही.

मागं बघितलं तर बँड बसलेला. क्लॅरिनेट बसलं, झांजा बसल्या, पिराजी ढोल मांडीवर घेऊन बसला आणि बडवायला लागला. वऱ्हाडी आधी गोंधळले, मग त्यांना वाटलं ही काहीतरी नवी पद्धत आहे. तेही बसले. प्रज्ञाच्या सासूबाई नऊवारी सावरत बसल्या. मागं एसटी उभी राहिली, ड्रायव्हर खाली उतरला, त्यालाही पिराजीनं बसवलं. सबंध रस्त्यात उभा असलेला एकटा बादल. आणि माझ्या मनगटावर कडं : 'जीर्णांक तीन. आपली प्रकृती उत्तम आहे. अभिनंदन!'

मला उठता येत नव्हतं.

कार्यालयाच्या पायऱ्यांवरून मंदा उतरली, हिरवा शालू, हातात हार. बसलेल्या माणसांच्या खांद्यांना धरून वाट काढत आली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. पिराजीनं ढोल थांबवला. त्यामुळं पुढचं सगळ्यांनीच ऐकलं.

"काय झालं, मास्तर?"

खोटं बोलायला जागा होती. चप्पल निसटली म्हणालो असतो, चक्कर म्हणालो असतो. तोंड उघडलं आणि म्हणालो, "तीन खोटा आहे. रक्ताचा आकडा सहा आहे. मला माहीत होतं."

मंदाच्या मागोमाग प्रज्ञा आली होती. "सहा? आई, चार ठरलं होतं!"

"तू ठरवलं होतंस."

"हा माणूस खोटं बोलला आई!"

"बोलला. त्याचं काय करायचं ते मी घरी बघीन." मग ती माझ्याकडं वळली आणि तिचा आवाज उतरला. "सहा आहे ते मला बरणीच्या दिवशीच कळलं होतं. सुकलेला माल पारखण्यातच माझं आयुष्य गेलंय. पण यावर औषध असतं की नाही?"

"असतं."

"चालू केलंत?"

मी ट्रंपेट मांडीवर फिरवू लागलो.

"का नाही?"

"कड्यात दिसलं असतं. तू नाही म्हणाली असतीस."

तिनं हातातला हार माझ्या अंगावर फेकला. गळ्यात नाही, अंगावर. "म्हणजे लग्नासाठी तुम्ही झिजत बसलात! मला परत एकदा पांढरं कपाळ द्यायचा बेत होता का? मी सहाला भ्यायले नव्हते हो मास्तर. मी लपवणाऱ्याला भिते. पहिल्यानं पण लपवलं होतं. नुसते हार्मोनच बघायचे असते तर मी या घोड्याशी लग्न केलं असतं, त्याचे अत्युत्तम आहेत!"

ही गोष्ट तिला पिराजीनं सांगितलेली होती. तो ढोलाआड लपला.

हसू पहिलं कुणाला फुटलं माहीत नाही. मला वाटतं एसटीच्या ड्रायव्हरला. मंदा हसली नाही. ओठ दाबून म्हणाली, "उद्या सकाळी दवाखान्यात जायचं. मी बरोबर येणार. डॉक्टर जे सांगतील ते माझ्यासमोर सांगतील. मान्य?"

"मान्य."

"प्रज्ञे, तुला?"

प्रज्ञा डोळे पुसत होती, रागानं की कशानं ते तिचं तिला माहीत. "पडले तर उचलायला मी येणार नाही," ती म्हणाली. आणि असं म्हणत खाली वाकून तिनंच माझ्या काखेत हात घातला. दुसरीकडून पिराजी. दोघांनी मला उभं केलं. मी उठलो तसा सगळा बँड उठला, सगळे वऱ्हाडी उठले.

घोड्यावर परत चढणं मला जमणार नव्हतं, हे आता काही लपून राहिलं नव्हतं. पण वरात तर पूर्ण व्हायला हवी. मंदानं शालू खोचला, पिराजीच्या ढोलावर पाय ठेवला आणि बादलवर चढून बसली. मी लगाम धरून पुढं. बँड वाजू लागला. पन्नास पावलं, मुक्काम, पन्नास पावलं. मधेच मनगटावरचं कडं थरथरलं. वरातीचे तास वगळायचं ते बटण मी नेमकं लग्नाच्या दिवशी दाबायला विसरलो होतो.

'चाल धोकादायक. काठी वापरावी.'

"काय म्हणतंय?" वरून मंदानं विचारलं.

"आधार घ्या म्हणतंय."

"मग घ्या की," ती म्हणाली आणि हात खाली दिला.

*

तीन महिने झाले. दंडाला मलम लावतो, रोज सकाळी पिराजीचा ढोल छातीपर्यंत उचलतो आणि ठेवतो. अंडी इतकी खाल्लीत की कोंबड्या मला ओळखतात. नव्या कड्यात मोकळं हार्मोनसुद्धा मोजतात. जीर्णांक पाच आहे. चार होईल का, डॉक्टर सांगत नाहीत, आणि त्या खोटं बोलत नाहीत म्हणून मी विचारतही नाही. बँडच्या पुढं आता क्लॅरिनेटवाला चालतो. मी कोपऱ्यावर उभा राहून शिव्या देतो.

लोणच्याची बरणी तशीच फळीवर आहे. मंदानं सक्त ताकीद दिलीय, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. दर रविवारी जेवायच्या आधी ती बरणी माझ्यासमोर ठेवते आणि समोर बसून बघते. मी दात आवळून फिरवतो. मग आम्ही चटणी खातो.

काल झाकण हललं. कण्हल्यासारखा आवाज झाला.

"भास आहे तुमचा," मंदा म्हणाली.

"मी वाजवणारा माणूस आहे. मला आवाज कळतो."

तिनं बरणी कानाशी धरली, हलवून बघितली आणि परत फळीवर ठेवली. "बरं. पुढच्या रविवारी भाकरी जास्त करते," ती म्हणाली.